'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे छापता, तर अंदाज का येत नाही तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे लागला की सगळ्याच पेपरांत तालुक्याच्या पानावर एक बातमी असतेच. सुट्टीला मामाच्या गावी आलेला मुलगा विहिरीत बुडाला, शेततळ्यात पाय घसरून दोघं सख्खे भाऊ गेले, खाणीच्या पाण्यात उतरलेला कॉलेजचा मुलगा वर आलाच नाही. आणि बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत ते ठरलेलं वाक्य, 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. मी ३० वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे, आणि हे वाक्य वाचलं की दरवेळी जीव तुटतो, कारण अंदाज का आला नाही हे त्यात कुठेच नसतं, वाचणाऱ्याला वाटतं पोरगं हूड असेल, मस्ती करत असेल, आईबापाचं लक्ष नसेल. पण पुष्कळदा तसं नसतं हो. पाणी डोळ्याला फसवतं, आणि कसंही नाही, ठरलेल्या हिशोबाने फसवतं, आणि तो हिशोब आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सहाव्या धड्यात 'प्रकाशाचे अपवर्तन' या नावाने छापलेला आहे. दरवर्षी लाखो मुलं तो धडा पाठ करतात, मार्क मिळवतात आणि परीक्षा संपली की त्याच पाण्यात उतरतात. म्हणून हे पत्र. लांबेल थोडं, पण कापू नका अशी विनंती आहे.

माझ्याच वर्गात एक मुलगा होता. नाव, गाव, साल काहीच लिहीत नाही, घरच्यांची जखम अजून ओली आहे. शांत पोरगा, अक्षर मोत्यासारखं. पूर्वपरीक्षेत प्रश्न होता की भांड्याच्या तळाशी ठेवलेलं नाणं पाणी ओतल्यावर वर उचलल्यासारखं का दिसतं, त्याने आकृती काढून, बाण दाखवून, खरं नाणं आणि भासमान नाणं वेगवेगळं दाखवून पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, तो पेपर मीच तपासला होता. बोर्डाची परीक्षा संपली, तिघं मित्र एका शेतात गेले, ऊन मरणाचं, शेततळं काठोकाठ भरलेलं, पाणी इतकं नितळ की तळाच्या प्लास्टिकच्या कागदाच्या घड्या मोजता याव्यात. पोहायला तिघांत एकालाच येत होतं. हा काठावर उभा राहून म्हणाला, "छातीएवढंच आहे रे," आणि उतरला. हे वाक्य त्याच्या वाचलेल्या मित्राने मला नंतर सांगितलं, सांगताना त्याचे ओठ थरथरत होते. तळं दहा फुटाचं होतं.

त्याला नाण्याचं उत्तर येत होतं. तळ्याचा तळ म्हणजेच ते नाणं, हे त्याला मी कधी काठावर नेऊन सांगितलं नव्हतं. हे ओझं माझ्यावर आहे आणि ते मी कुणावर ढकलत नाही.

आता मुद्द्याचं. प्रकाश सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. पोकळीत तो सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर जातो, हवेतही जवळजवळ तितकाच, पण पाण्यात शिरला की सव्वादोन लाखांवर येतो आणि साध्या काचेत दोन लाखांच्या आसपास. एका पदार्थातून दुसऱ्यात तिरपा शिरताना हा वेग बदलतो म्हणून प्रकाशाची दिशाही बदलते, यालाच अपवर्तन म्हणायचं. मी वर्गात बैलगाडीचं उदाहरण द्यायचो. डांबरी रस्त्यावरून गाडी तिरकी चिखलात उतरली तर एक चाक आधी चिखलात जातं, ते मंदावतं, दुसरं अजून रस्त्यावर जोरात चाललेलं असतं, मग गाडी आपोआप वळते, बैलांनी ओढ दिलेली नसली तरी. चिखलातून रस्त्यावर येताना उलटं होतं, जे चाक आधी बाहेर येतं ते जोरात पळतं आणि गाडी दुसरीकडे वळते. आणि गाडी चिखलात अगदी नाकासमोर सरळ घातली तर दोन्ही चाकं एकदमच मंदावतात, वेग कमी होतो पण गाडी वळत नाही. आताच्या पोरांना बैलगाडी सांगावी लागते, ट्रॅक्टर म्हटलं की लगेच कळतं.

तळावरून निघालेला प्रकाश पाण्यातून वर येतो, पाण्याच्या वरच्या थरावर हवेत शिरताना स्तंभिकेपासून, म्हणजे पाण्याच्या पातळीवर काटकोनात धरलेल्या उभ्या रेषेपासून, लांब वळतो आणि मग आपल्या डोळ्यात येतो. डोळ्याला मात्र हे वळण कळत नाही. डोळ्याला आणि मेंदूला जन्मापासून एकच सवय, प्रकाश आला तो सरळ रेषेतच आला असं धरून चालायचं. म्हणून तो ज्या दिशेने आला ती रेघ आपण मनात तशीच सरळ पाण्यात नेतो आणि तळ खऱ्यापेक्षा वर असल्यासारखा दिसतो. प्रकाश पोकळीपेक्षा एखाद्या पदार्थात किती पट हळू जातो तो आकडा म्हणजे अपवर्तनांक, पाण्याचा तो १.३३, म्हणजे चार भागिले तीन. अगदी वरून, सरळ खाली बघितलं तर खरी खोली चार फूट असेल तर दिसते तीन, आठ असेल तर सहा, दहा फूट असेल तर साडेसात. मी मुलांना एवढंच पाठ करायला सांगतो, तीन दिसले तर चार समज.

पण हे सरळ वरून बघितल्याचं झालं, आणि खरा घात पुढे आहे, जो पुस्तकातल्या नाण्याच्या आकृतीत नीट दिसत नाही. पाण्याकडे सरळ वरून कोण बघतं हो, पुलावरून नाहीतर विहिरीच्या कठड्यावरून वाकलेला माणूस बघेल. काठावर उभा राहिलेला मुलगा समोर बघतो, तिरकं बघतो. आणि जितकं तिरकं बघाल तितका प्रकाश जास्त वळतो आणि तळ तितका जास्त वर आलेला दिसतो. डोळे पाण्यापासून पाच फूट उंचीवर आणि नजर साडेआठ-नऊ फूट पुढच्या पाण्यावर, असं धरलं तर दिसणारी खोली खऱ्या खोलीच्या निम्म्यावर येते, कधी त्याच्याही खाली. दहा फुटाचं तळं पाच फुटाचं वाटतं. म्हणजे त्या पोराने जे म्हटलं, छातीएवढंच आहे, ते त्याच्या डोळ्याने त्याला बरोबर तसंच दाखवलं होतं. तो निष्काळजी नव्हता. त्याने बघून, अंदाज घेऊन पाऊल टाकलं होतं.

आणि याच्याहून वाईट एक गोष्ट आहे. कमरेइतक्या स्वच्छ पाण्यात, अगदी सपाट तळ असलेल्या जागी उभे राहा, स्विमिंग टँक असेल तर उत्तम, आणि आजूबाजूला नजर फिरवा. पायाखाली खोल दिसतं आणि चारी बाजूंना तळ वर चढत गेलेला दिसतो, जणू आपण परातीच्या मधोमध उभे आहोत. मग दहा पावलं पुढे जा. परात आपल्याबरोबर पुढे आलेली असते, आता इथे खोल आणि मघाशी उभे होतो तिथे उथळ. कारण सरळच आहे, पायाशी आपण खाली बघतो आणि लांब तिरकं बघतो. आता पोहता न येणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा, पाणी छातीला लागलंय, भीती वाटायला लागलीय, आणि समोर चार पावलांवर तळ वर आलेला दिसतोय, त्याला वाटणार तिकडे गेलं की उथळ लागेल, आणि तो तिकडेच जाणार. नदीत, बंधाऱ्याच्या मागच्या पाण्यात असं पुढे पुढे जाऊन गेलेली माणसं मी ऐकलीत, बघणारे सांगतात "मागे फिर म्हणून ओरडत होतो तरी पुढेच चालला होता". तो का पुढे चालला होता ते मला आता कळतं.

शेततळ्याचं तर विशेष लिहायला पाहिजे, कारण ही तळी आपल्या भागात गेल्या दहा-बारा वर्षांत खूप वाढली. २०१६ मध्ये सरकारने 'मागेल त्याला शेततळे' आणलं, त्यात मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर, म्हणजे तेच दहा फूट. दुष्काळी भागाला या तळ्यांनी जगवलंय, डाळिंब, द्राक्ष, जनावरं सगळं त्यावर आहे, मी त्यांच्या विरोधात एक शब्दही बोलणार नाही. पण जुन्या विहिरीत आणि यांत फरक आहे. विहिरीचं पाणी काळं दिसतं, खाली अंधार असतो, लहान मूलही बिचकतं. शेततळं उघड्यावर, ऊन थेट तळापर्यंत जातं, कागद टाकलेला असतो म्हणून पाणी गढूळ होत नाही, तळ लख्ख दिसतो. आणि तळ दिसला की माणसाला धीर येतो, दिसतंय म्हणजे जवळच आहे. त्यात बाजू उतरत्या आणि कागदावर शेवाळाचा थर, पाय टाकला की घसरगुंडी, आणि बाहेर यायला हाताला धरायला काहीच नाही. एक जण घसरतो, दुसरा त्याला हात द्यायला जातो, तोही त्याच कागदावरून खाली जातो. बातमीत दोन-दोन, तीन-तीन नावं येतात ती अशी.

त्या मुलाच्या पुढच्या वर्षापासून मी अपवर्तनाचा धडा वर्गात सुरू करत नाही. रिटायर झालो तरी शाळा मला दरवर्षी एक दिवस देते. आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर जातो, पायऱ्यांची जुनी विहीर आहे, दगडी कठडा, सोबत पट्टीचे पोहणारे दोन-तीन बाप्ये, दोर आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब, एवढी तयारी केल्याशिवाय मी पोरं नेत नाही. एक लांब बांबू घेतलाय, त्याला दर फुटावर ऑइलपेंटने पांढरा, लाल, पांढरा, लाल असे पट्टे मारलेत. आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, ही पायरी संपते तिथे पाणी किती फूट आहे. कुणी चार लिहितं, कुणी पाच, पोहणारी मुलं साडेपाच-सहा लिहितात. मग बांबू उभा सोडायचा. पहिल्या वर्षी पाणी आठ फूट भरलं तेव्हा सगळी पोरं गप्प झाली, एक मुलगी तर वही परत परत बघत होती.

पण त्यांना सगळ्यात जास्त पटतं ते पट्टे बघून. वरून वाकून बघितलं की पाण्याबाहेरचा पट्टा फूटभर आणि पाण्याखालचा पट्टा नऊच इंचांचा दिसतो, तोच रंग, तोच ब्रश, मीच मोजून मारलेला, पण बुटका. दोन पायऱ्या उतरून तिरकं बघितलं की पाण्याखालचे पट्टे आणखी दबतात, एकमेकांवर बसल्यासारखे होतात, आणि बांबू पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखा होतो. बांबू बाहेर काढला की पुन्हा सगळे पट्टे सारखे. एका मुलाने मला विचारलं, "सर, म्हणजे पाण्यातला फूट खोटा असतो का?" मी म्हटलं फूट खरा असतो बाळा, दिसणं खोटं असतं, म्हणून पाणी डोळ्याने नाही, काठीने मोजायचं.

जुनी माणसं हे करायची. ओढा ओलांडताना मेंढपाळाच्या हातातली काठी आधी पाण्यात जायची, मग पाय. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे मारायला रात्री बत्ती घेऊन जातात, माझी सासुरवाड तिकडची, माझा मेव्हणा पहिल्यांदा मला घेऊन गेला तेव्हा मी मासा दिसला तिथे कोयती मारली आणि पाण्यातच गेली, तो म्हणाला "भावोजी, दिसतो तिथे नसतो तो, त्याच्या खाली मारा". शाळा सातवीपर्यंत झालेला माणूस, अपवर्तनाचा नियम ज्याच्या नावाने शिकवतात तो स्नेल कोण त्याला माहीत नाही, पण नियम त्याच्या मनगटात होता. मी विज्ञान शिकवणारा, आणि माझ्या मनगटात नव्हता. त्या रात्रीपासून मला वाटतं की ज्ञान वहीत असणं आणि हातात असणं यात फार अंतर आहे, आणि दहावीच्या मुलाच्या जिवाला त्या अंतराचा धोका आहे.

स्नेलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हा नियम माणसाला सहज मिळालेला नाही. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाण्यात जाणाऱ्या किरणांचे कोन मोजून कोष्टकं केली होती, पण नेमका नियम त्याच्या हाती लागला नाही. बगदादमध्ये इब्न सहल या गणितज्ञाने ९८४ च्या सुमाराला तो लिहून ठेवला, मग हॉलंडमध्ये स्नेलने १६२१ मध्ये तो स्वतंत्रपणे शोधला पण छापला नाही, आणि १६३७ मध्ये देकार्तने छापला. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो की वाढतो यावर तर पुढे दोनशे वर्षं वाद चालला, न्यूटनच्या हिशोबाने तो वाढायला हवा होता, शेवटी १८५० मध्ये पॅरिसला फूकोने फिरत्या आरशाने प्रत्यक्ष दाखवलं की पाण्यात तो कमीच असतो. इतक्या पिढ्यांनी घाम गाळून आपल्या हातात दिलेली गोष्ट आपण दोन मार्कांच्या 'शास्त्रीय कारणे द्या'पुरती ठेवतो, तारे का लुकलुकतात, हिरा का चमकतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ हे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असायचं. हिरा किती जणांच्या घरी आहे, आणि विहीर किती जणांच्या रानात आहे?

वर्गात एक प्रयोग मी आवर्जून करतो, तोही इथे सांगण्यासारखा आहे. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी काचेच्या ग्लासातल्या गोडेतेलात बुडवायची आणि नळीतही तेच तेल भरायचं. नळी गायब होते. हात घालून चाचपली तरच कळते. कारण या काचेचा आणि तेलाचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, १.४७ च्या आसपास, प्रकाशाला तेलातून काचेत जाताना वेग बदलावा लागत नाही, म्हणून तो वळत नाही, परततही नाही, आणि वळला नाही, परतला नाही तर आपल्याला कड दिसणार कशी. हवेत काच दिसते कारण १ आणि १.५ मध्ये फरक मोठा आहे. पाण्यात तीच काच अंधुक होते, १.३३ आणि १.५ मधला फरक कमी आहे म्हणून. नदीच्या घाटावर लोक बाटल्या फोडतात ना, त्याच्या काचा कोरड्या वाळूवर चमकतात पण घोटाभर पाण्यात सहज दिसत नाहीत, त्या याच कारणाने. आमच्या गावात घाटावर पाय कापून घेतलेली मुलं मी दवाखान्यात नेलीत. ज्यांना बाटल्या फोडाव्याशा वाटतात त्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की पाण्यातली काच लहान मुलाला सहज दिसत नाही.

बुडणाऱ्याला काढायला जाणाऱ्यांसाठीही यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्या डोळ्याची प्रकाश एकत्र आणायची जवळजवळ दोन तृतीयांश ताकद भिंगात नसते, समोरच्या पारपटलात म्हणजे कॉर्नियात असते, आणि ती ताकद कॉर्नियाच्या समोर हवा असते म्हणून आहे. पाण्यात डोळे उघडले की कॉर्निया आणि पाणी यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा पडतो, ताकद नाहीशी होते, सगळं धूसर. म्हणून उघड्या डोळ्याने बुडी मारून शोधणारा माणूस अक्षरशः आंधळ्यासारखा चाचपडत असतो. साधा शंभर-दीडशे रुपयांचा पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यासमोर हवेचा थर येतो आणि पुन्हा स्वच्छ दिसतं, पण तेव्हाही वस्तू खऱ्यापेक्षा साधारण पाव अंतर जवळ आणि मोठी दिसते, म्हणजे हात पोचला असं वाटतं तिथे अजून वीतभर उरलेलं असतं. आमच्या गावच्या तरुण मंडळाला मी चार गॉगल घेऊन दिलेत आणि वस्तूला हात घालून घालून ही सवय करायला लावलीय.

लहानपणी आम्ही विहिरीत तळाला जाऊन वर बघायचो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो आणि डबा सुटल्यावर हाच खेळ. तळातून वर बघितलं की डोक्यावर एक गोल लखलखीत खिडकी दिसते, त्या गोलात, धूसर का होईना, आभाळ, लिंबाची फांदी, कठड्यावर उभे असलेले काका, सगळे वाकून कडेला गोळा झालेले, आणि खिडकीच्या बाहेर फक्त आरसा, त्यात विहिरीचा खालचा भाग उलटा. पाण्यातून वर जाणारा किरण ४९ अंशांपेक्षा जास्त तिरका झाला की तो बाहेर पडतच नाही, आतच परत फिरतो, पूर्ण आंतरिक परावर्तन. ते दृश्य इतकं सुंदर आहे की ज्याने बघितलंय तो विसरत नाही. मला पोरांना पाण्यापासून तोडायचं नाही, उलट प्रत्येकाने पोहायला शिकावं, प्रत्येकाने ती खिडकी बघावी असं मला मनापासून वाटतं. पाण्याचा स्वभाव ओळखून उतरावं, एवढंच.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर कुणी म्हणेल मास्तर सगळं आपल्या धड्यावर आणून ठेवतोय. बुडण्याची सगळीच प्रकरणं अपवर्तनाची नसतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, तळ दिसतच नाही, तिथे हा विषयच नाही. वाळू उपसलेले खड्डे असतात, धरणातून पाणी सोडलेलं असतं, कुणी पिऊन उतरतं, समुद्रात ओढ असते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीतलं नितळ पाणी, शेततळी, दगडखाणी, कोकणातल्या नद्यांचे डोह, तिथे तळ दिसत असताना माणूस फसतो, आणि ते फसणं टाळता येण्यासारखं आहे, फक्त कुणीतरी आधी सांगायला पाहिजे.

यासाठी फार पैसे लागत नाहीत. प्रत्येक शेततळ्यात, घाटावर, खाणीत, गावविहिरीत एक खांब किंवा पाईप रोवावा आणि त्यावर तळापासून वर फुटांचे आकडे मोठ्या अक्षरात रंगवावेत, म्हणजे पाण्याच्या रेषेला जो आकडा टेकतो तीच खोली. पाण्याखालचे पट्टे मोजत बसायचं नाही, ते बुटके दिसतात हे वर लिहिलंच आहे, आकडा वाचायचा तो पाणी लागतं तिथलाच. पुलांवर आणि धरणांवर अशी मोजपट्टी असते, मग जिथे मुलं उतरतात तिथे का नको. शेततळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवावेत, काठावर एक ट्यूब नाहीतर झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे कॅन दोराला बांधून ठेवावेत, आणि कुंपण तर हवंच. आणि कुणी बुडताना दिसलं तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये, दोर, ओढणी, साडी, बांबू, काय असेल ते फेकावं आणि ओरडावं. ग्रामपंचायतीने ठरवलं तर पंधरा दिवसांत गावातली सगळी तळी होतील. आमच्याकडे सात तळ्यांना खांब लागलेत, शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने लावले, एकानेही नाही म्हटलं नाही, एका आजीने तर स्वतः उभं राहून आकडे रंगवून घेतले.

शिक्षक मित्रांना हात जोडून सांगणं की हा धडा दिवाळीनंतर फळ्यावर संपवून टाकू नका, नाण्याचा प्रयोग करा, पण त्यानंतर एक दिवस पोरांना पाण्याच्या काठावर न्या, पोहणारी माणसं आणि दोर सोबत घेऊन. ज्यांच्याजवळ विहीर नाही त्यांनी शाळेची सिमेंटची टाकी घ्यावी, स्वच्छ पाण्याने भरावी, फुटपट्टी उभी धरावी, मुलांना लांब उभं करून तिरकं बघायला लावावं. २५ जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवलेला बुडण्याला आळा घालण्याचा जागतिक दिवस आहे, पण आपल्याकडे तोवर पाऊस सुरू होतो आणि विहिरी गढूळ होतात, म्हणून आपल्या मुलांसाठी फेब्रुवारीच बरा, २८ तारखेला विज्ञान दिन असतोच आणि सुट्ट्या लागायला वेळ असतो.

आणि तुम्हाला, संपादक साहेब, एक मागणं. तुमच्या बातमीदारांना सांगा, अशी बातमी लिहिताना 'पाण्याचा अंदाज न आल्याने' या वाक्याच्या खाली चौकटीत फक्त तीन ओळी टाका: स्वच्छ पाणी वरून तीन फूट दिसलं तर चार असतं, काठावरून तिरकं बघितलं तर दिसतं त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतं, आणि पुढे वर चढत गेलेला दिसणारा तळ खरा नसतो. उन्हाळाभर जितक्या वेळा ती बातमी येईल तितक्या वेळा ही चौकट येऊ दे. ज्या घरात तुमचा पेपर जातो तिथे दहावीतलं पोरगं असतं, ते खेळाचं पान बघताना मागचं पानही बघतं.

सोबत एक फोटो पाठवतोय, आमच्या विहिरीवर याच आठवड्यात काढलेला, पट्टे मारलेला बांबू पाण्यात उभा आहे आणि काठावरून तिरका घेतलाय. पाण्याबाहेर तीन पट्टे आहेत आणि पाण्याखाली सहा, पण खालचे सहाही पट्टे मिळून वरच्या तिनांएवढ्याच जागेत बसलेत. जागा असेल तर चौकटीसोबत तो छापा, फोटोवर नाव कुणाचंच नको.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)